वरचा गोल

चर्चच्या तळघरात कॉफीचा आणि ओल्या बुटांचा वास.
डेल हॅकनबर्ग चष्मा कपाळावर ढकलून यादीत मला शोधतो,
जणू बावीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो तरी
मी कोण ते कागदानंच सांगायला हवं.
"व्होइचिक, बर्निस. इथे सही."

डेलच्या अंगणात लाल पाटी, माझ्या अंगणात निळी.
ईरी सरोवरावरून बर्फ आला की आम्ही एकमेकांची वाट उपसतो,
पाटीला फावडं लागणार नाही, इतकं जपून.

पहिली पाटी रोवली तेव्हा क्लेम होता
आणि इंजिनांच्या कारखान्यात तीन पाळ्या होत्या.
एका शनिवारात मी एकशे चौदा दारं ठोठावली.
एकीनं कुत्रं सोडलं, एकीनं सूप दिलं.
दोघींनाही मी तेच सांगितलं, या वेळी वेगळं होईल.
हे वाक्य किती हिवाळे म्हटलं
त्याचा हिशोब माझे गुडघे ठेवतात.

आमचा माणूस जिंकलाही.
कारखान्याच्या फाटकावर आला,
क्लेमचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, विसरणार नाही.
खरंच विसरला नाही. अजून पत्र येतं,
क्लेमच्या नावानं, पाच डॉलर मागणारं.
क्लेमला जाऊन नऊ वर्षं झाली.
फाटकाला कुलूप त्यांनी घातलं,
आणि कुलूप ज्यांनी विकलं
ते आमच्याच जेवणावळीत पहिल्या टेबलावर होते.

गॅरेजमध्ये एकोणीस पाट्यांच्या तारा आहेत.
पुठ्ठा कुजतो, तार टिकते.
एप्रिलमध्ये त्या वाफ्यात रोवते. वाटाण्याचे वेल
कुठल्याही उमेदवारावर चढतात.

दोन दुकानं, मागचं गोदाम एकच,
असं मी मोठ्यानं म्हटलं की टिओना ट्रे धुता धुता थांबते.
"तू असं बोललीस की ते येतात, बर्निस."
ते आले की तिच्या पोराला कुठल्या चौकात कोण थांबवतं
हे तिला ठाऊक आहे, आणि मला ऐकून ठाऊक आहे.
म्हणून तर इतकी वर्षं त्यांच्या भीतीनं यांना मत दिलं.
भीतीला मत देता देता
मागायचं काय होतं तेच राहून गेलं.

(काय होतं बरं?
इन्सुलिन. शिसं नसलेलं नळाचं पाणी.
बॉम्बचे पैसे दुसऱ्या कशावर तरी.
चंद्र कुठे मागितला होता?)

कागदावर लंबगोल, काळ्या शाईनं भरायचे.
मी खालून सुरुवात करते.
पाइप बदलायला कर्जरोखे: हो.
शाळा मंडळ: ती उंच बाई, सभेत जिचा आवाज फुटला होता.
न्यायाधीश. नदीवरचा पूल. वर येता येता पेन जड होतं.
वरचा गोल.
त्याच्याखाली तिसरं नाव, चौथं नाव,
लग्नात बोलावलेल्या पण जेवायला न बसवलेल्या
पाहुण्यांसारखी.
मी पेनाला टोपण लावते.

यंत्र कागद गिळतं आणि परत ओकतं.
एका पदासाठी निवड केलेली नाही.
रांग गप्प.
डेल खुर्चीतून उठून येतो. माझा कागद बघायची त्याला मनाई,
म्हणून छताकडे बघत विचारतो,
"चुकून राहिलं, की..."

ते "की" बराच वेळ लोंबकळत राहतं.

"तू भरलास?" मी विचारते.
"सांगायचं नसतं ते, बर्निस."
पण त्याचे कान लाल झालेत,
आणि तो लाल पाटीचा नाही.

पडद्यावर दोन चौकोन. परत घ्या. स्वीकारा.
इथेही दोनच.
रांगेत तिसरी टिओना आहे.
तिनं हाक मारली नाही, नुसती खोकली.
माझं बोट काचेपाशी गार पडतंय.